सायबर हल्ला कोणी केला, हे ठरवणार कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी एका अहवालाला एकमताने मान्यता दिली. सायबर क्षेत्रात राष्ट्रांनी एकमेकांशी कसे वागावे, याची चर्चा आतापर्यंत मुदतीच्या समित्यांमधून होत असे. ती यापुढे एका कायमस्वरूपी यंत्रणेत व्हावी, असे त्या अहवालाने ठरवले. सिंगापूरचे राजदूत बुऱ्हान गफूर यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ पासून चाललेल्या कार्यगटाचे काम त्या दिवशी संपले. आपल्याकडे या बातमीकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही, आणि त्याबद्दल वाचकांना दोष देता येणार नाही, कारण ‘राष्ट्रांचे जबाबदार वर्तन’ या शब्दांतच एक जांभई दडलेली आहे. मी मात्र उमेदीची सारी वर्षे न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या कामात घालवलेला माणूस आहे. न्यूयॉर्कच्या दालनांत चालणाऱ्या त्या वादाचा एक तुकडा आमच्या गेटसमोर येऊन पडलेला मी पाहिला आहे, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

२०१७ च्या जूनचा तो शेवटचा आठवडा होता. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार असल्यामुळे जो तो निर्यातदार आपला माल त्याआधी बोटीवर चढवण्याच्या घाईत होता. नाशिककडून आलेल्या कांद्याचे तीन कंटेनर घेऊन आमचे ट्रेलर करळ फाट्याच्या अलीकडे पावसात उभे होते, कंटेनर बंदरात नेण्याचा परवाना, म्हणजे फॉर्म १३, तयार होता आणि बोटीचा कट-ऑफ, म्हणजे माल आत देण्याची शेवटची मुदत, दुसऱ्या दिवशीची होती. २८ जूनच्या सकाळी गेटवरून निरोप आला की टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद आहे. सर्व्हर डाऊन होणे आम्हाला नवे नव्हते, त्यामुळे चहा होईपर्यंत सुरू होईल म्हणून ड्रायव्हर मंडळी केबिनमध्येच आडवी झाली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, मागची रांग वाढत गेली. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या बोटीवर चढायचा आणि यार्डात कितव्या थरात ठेवला आहे, ही सगळी माहिती संगणकात असते. ती नाहीशी झाल्यावर क्रेन धडधाकट असूनही निरुपयोगी होते आणि कारकून वही शोधू लागतो. टर्मिनलच्या माणसांचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी हाताने नोंदी करून जमेल तेवढे काम रेटले. बीडकडच्या एका ड्रायव्हरने मला त्या संध्याकाळी विचारले, “साहेब, कुणी केलं हे?” मी म्हणालो, कुणीतरी व्हायरस सोडलाय म्हणे. त्याने लगेच पुढचे विचारले, “मग आमची खोटी कोण भरून देणार?” खोटी म्हणजे गाडी खोळंबल्याचे नुकसान.

हे दोन प्रश्न आज आठ वर्षांहून अधिक काळ माझ्या डोक्यात आहेत, आणि मला असे दिसते की संयुक्त राष्ट्रांतील सगळी चर्चा याच दोन प्रश्नांना वळसा घालून पुढे गेलेली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढे हळूहळू बाहेर आले. ‘नॉटपेट्या’ नावाचा तो मालवेअर, म्हणजे संगणक बिघडवणारा प्रोग्राम, २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये सोडला गेला. तेथील व्यापारी हिशेबासाठी आणि कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवले. आपल्याकडे उद्या कोणी जीएसटीचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या सर्वत्र चालणाऱ्या पॅकेजच्या अपडेटमध्ये असे काही मिसळले, तर काय होईल, याची कल्पना कोणत्याही गावच्या कर सल्लागाराला येईल. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्यांच्या जाळ्यातून तो जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जगातील कंटेनर वाहतुकीतील बलाढ्य कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले आमच्या बंदरातील टर्मिनलही सापडले. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची किल्ली ज्यात असते त्या नोंदींच्या जगभरातील साऱ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या आणि एकच शिल्लक होती, ती घानातील कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती सोपवून लंडनला नेण्यात आली. लोडशेडिंगला शिव्या घालत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला या गोष्टीची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि इतर काही देशांनी या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचे जाहीर केले. रशियाने ते नाकारले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले, ते अर्थातच कोणत्याही न्यायालयात उभे राहिलेले नाहीत. अमेरिकी सरकारने एकूण नुकसानीचा अंदाज सुमारे १० अब्ज डॉलर असा सांगितला होता. यातला एक पैसाही रशियाने कोणाला दिलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. कॅडबरी बनवणाऱ्या मोंडेलीझ कंपनीने झुरिक या विमा कंपनीकडे सुमारे १० कोटी डॉलरचा दावा केला, तेव्हा विमा कंपनीने उत्तर दिले की हे एका सरकारचे युद्धसदृश कृत्य आहे आणि पॉलिसीत युद्धाला संरक्षण नाही. म्हणजे हल्ला रशियाने केला असे पाश्चात्त्य सरकारांनी म्हणावे, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांनाच त्याचा भुर्दंड बसावा, अशी वेळ आली. हे प्रकरण २०२२ मध्ये तडजोडीने मिटले. मर्क या औषध कंपनीच्या तशाच दाव्यात न्यू जर्सीच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिला की पॉलिसीतील युद्धाचा अर्थ रणांगणावरचे युद्ध असाच घ्यावा लागेल. त्यानंतर विमा कंपन्यांनी काय केले असेल? पॉलिसीची भाषाच बदलायला घेतली. मोंडेलीझ आणि मर्क यांच्यापाशी वकिलांची फौज होती. आमच्या तीन कंटेनरांतल्या कांद्याच्या मालकापाशी आणि दिवसाच्या भाड्यावर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपाशी काहीच नव्हते, आणि डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडकल्याच्या आकाराचे, बिल मात्र वेळेवर आले.

आता कोणी म्हणेल की तेव्हा नियमच नव्हते. तसे मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांत हा विषय रशियानेच १९९८ मध्ये पहिल्यांदा ठरावाच्या रूपाने आणला. त्यानंतर सरकारी तज्ज्ञांचे गट एकामागून एक बसले; २०१३ च्या गटाने आंतरराष्ट्रीय कायदा आणि संयुक्त राष्ट्रांची सनद सायबर क्षेत्रालाही लागू आहे हे मान्य केले, आणि २०१५ च्या २० देशांच्या गटाने वर्तनाचे ११ नियम लिहून काढले. त्या गटात अमेरिका, रशिया, चीन होते, पाकिस्तान होता. भारत त्या फेरीत नव्हता. हे नियम वाचले तर त्यात न पटण्यासारखे काही सापडत नाही. दुसऱ्या देशाच्या जनतेला सेवा देणाऱ्या महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांना जाणूनबुजून हानी पोहोचवू नये. आपल्या भूमीचा असल्या कृत्यांसाठी वापर होत आहे हे ठाऊक असताना तो होऊ देऊ नये. पुरवठा साखळीची शुद्धता राखावी. सॉफ्टवेअरमधील दोष सापडला तर तो जबाबदारीने कळवावा. संकटात मदत मागणाऱ्या देशाला मदत करावी. दुसऱ्या देशाच्या आपत्कालीन सायबर पथकावर हल्ला करू नये. एम.ई.डॉकच्या अपडेटमधून झालेला हल्ला यातल्या किती नियमांना पायदळी तुडवतो, ते मोजत बसायची गरज नाही.

महासभेने या नियमांचे स्वागत करणारा ठराव २३ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर केला आणि सर्व देशांनी त्यांनुसार वागावे असे आवाहन केले. त्याच २३ डिसेंबरच्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रान्किव्स्क भागातील वीज नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला आपल्या पडद्यावरचा बाण आपोआप हलताना दिसला. त्याने माऊस हलवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. तो बाण एकेका उपकेंद्राचा ब्रेकर उघडत, म्हणजे वीज तोडत, गेला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात गेले. न्यूयॉर्कमध्ये ठराव मंजूर झाला त्याच दिवशी युक्रेनमध्ये दिवे गेले. दुसरा योगायोग असा की हे काम पुढे नेण्यासाठी बसलेला २५ देशांचा गट, ज्यात या वेळी भारतही होता, २०१७ च्या जूनमध्ये अहवालाविनाच उठला. त्याची शेवटची बैठक २३ जूनला संपली आणि चार दिवसांनी नॉटपेट्या सुटला. बैठक फिसकटली म्हणून हल्ला झाला, असे मला म्हणायचे नाही. हल्ल्याची तयारी महिनोन्महिने आधीची होती. तोंडाने चर्चा आणि हाताने तयारी एकाच वेळी चालू होती, एवढेच त्यातून दिसते.

ती बैठक फिसकटली ती स्वसंरक्षणाचा हक्क, प्रत्युत्तरादाखल करायच्या उपाययोजना आणि युद्धाचे कायदे या मुद्द्यांवर. हे सायबर क्षेत्राला कसे लागू होतात ते स्पष्ट लिहा, असा पाश्चात्त्य देशांचा आग्रह होता. असे लिहिले तर सायबर युद्धाला मान्यताच मिळेल, असे क्युबाने उघडपणे म्हटले आणि रशिया-चीनची वृत्तीही तीच होती. मला दोन्ही बाजूंत थोडे तथ्य दिसते. क्युबाची भीती खरी आहे, कारण ‘प्रत्युत्तर’ द्यायचे तर आधी गुन्हेगार ठरवावा लागतो, आणि गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार आज ज्याच्याकडे मोठे गुप्तचर खाते आहे त्याच्याचकडे आहे. हा खरा पेच आहे, आणि नियम अकराचे बावीस केले तरी तो सुटणार नाही.

हा पेच आपल्या राज्यातही येऊन गेला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा कोसळला. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरवर यावे लागले, काही उपनगरांत वीज रात्रीपर्यंत आली नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीने अहवाल प्रसिद्ध केला की चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातील संस्थांच्या यंत्रणांत शिरकाव केला आहे, आणि लक्ष्यांमध्ये देशाच्या पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांचा (विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ राखणाऱ्या केंद्रांचा) व दोन बंदरांचा समावेश आहे. मुंबईच्या अंधाराशी या शिरकावाचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्याच अहवालात नमूद होते. पण ते वाक्य वाचायला कोणाला वेळ नव्हता. १ मार्च रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की कारण मानवी चूक होते, सायबर हल्ला नव्हता. चीनने आरोप फेटाळले. म्हणजे एका घटनेबद्दल एक परदेशी खासगी कंपनी, एक राज्य सरकार, एक केंद्र सरकार आणि एक परकीय सरकार अशी चार तोंडे चार गोष्टी बोलली, आणि नंतर सगळीच गप्प झाली. चीनने वीज घालवली असे माझे म्हणणे नाही. कळवा-पडघा वाहिन्यांचे बिघाड आणि मुंबईला वेगळे काढून वाचवणारी यंत्रणा त्या दिवशी का फसली, हे तांत्रिक प्रश्न स्वतंत्रपणे पुरेसे गंभीर आहेत. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याने त्या दिवशी डोंबिवली आणि ठाण्याच्या मध्ये डब्यातून उतरून रुळांवरून वाट तुडवली, त्या माणसाला आजही पुरावे तपासलेला एक सलग, जाहीर निष्कर्ष वाचायला मिळालेला नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या बाबतीत मात्र, थोड्या आडवाटेने का होईना, उत्तर मिळाले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा बसवली. ग्राहकाच्या खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही. वाटेतच ‘द्या’ असे उत्तर मिळत राहिले. बनावट कार्डे घेऊन २८ देशांत माणसे एटीएमसमोर उभी होती. आपल्या कोल्हापुरातही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फत आणखी जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. पुणे पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. पण ते पैसे काढणारे हात होते, डोके वेगळे होते. ते डोके उत्तर कोरियाचे, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये आपल्या अहवालात लिहिले. सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावर घातलेल्या निर्बंधांवर देखरेख करण्यासाठी २००९ मध्ये नेमलेली ही समिती. बाँबचा पैसा कोठून येतो हे शोधता शोधता ती बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या २०१६ मधील ८ कोटी १० लाख डॉलरच्या चोरीपर्यंत आणि पुण्याच्या एका सहकारी बँकेपर्यंत येऊन पोहोचली होती.

या समितीचे महत्त्व मला फार वाटते. निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ एकत्र बसून पुरावा तपासतात आणि एका देशाचे नाव जाहीर अहवालात लिहितात, अशी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची जागा सायबर घटनांसाठी जगात जवळपास हीच एक होती, आणि तीसुद्धा अण्वस्त्रांच्या निमित्ताने. २८ मार्च २०२४ रोजी रशियाने नकाराधिकार वापरून तिची मुदतवाढ रोखली आणि एप्रिलअखेर ती बंद पडली. त्यानंतर अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आदी ११ देशांनी आपापसांत देखरेखीचा एक गट स्थापन केला. त्याचे काम चांगले असेलही, पण सगळे सदस्य एकाच बाजूचे असल्यावर त्याच्या निष्कर्षाला ‘तुम्ही तर असे म्हणणारच’ हे उत्तर तयारच असते.

माझे म्हणणे असे आहे की नव्या कायमस्वरूपी यंत्रणेत भारताने सर्वांत आधी हा विषय घ्यावा. यासाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. नागरी विमान पडले तर काय करायचे, हे १९४४ च्या शिकागो कराराखालील तेराव्या परिशिष्टात लिहिलेले आहे. ज्या देशात अपघात झाला तो तपास करतो, विमान व इंजिन बनवणाऱ्या देशांचे प्रतिनिधी त्यात बसतात, ३० दिवसांत प्राथमिक अहवाल द्यायचा असतो, आणि या तपासाचा हेतू कोणाला दोषी ठरवणे हा नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर अमेरिका आणि ब्रिटनचे तपासनीस आपल्याकडे आले ते या व्यवस्थेमुळेच. त्या प्राथमिक अहवालावर आपल्याकडे किती वाद झाला ते आपण पाहिले, पण वाद घालायला निदान एक कागद समोर होता. बंदर, वीजकेंद्र, रुग्णालय किंवा बँक यांवर देशाबाहेरून हल्ला झाल्याचा संशय असेल, तर बाधित देशाच्या विनंतीवरून बाहेरच्या तज्ज्ञांसह तांत्रिक तपास व्हावा, मालवेअर कोठून शिरला, काय करत होता, कोणत्या सर्व्हरशी बोलत होता एवढे जाहीर व्हावे. त्यावरून कोणत्या देशाला दोष द्यायचा, तो राजकीय निर्णय ज्याने त्याने घ्यावा. दोन गोष्टी वेगळ्या केल्या की गुप्तचर खात्यांना आपले खबरे उघडे करावे लागत नाहीत, कारण बरीचशी तांत्रिक माहिती बाधित संस्थेच्या यंत्रांवरच असते.

याला विरोध कोण करील, हेही सांगितले पाहिजे, आणि ते फक्त रशिया-चीन नाहीत. नॉटपेट्या इतक्या वेगाने पसरला त्यामागे ‘इटर्नलब्लू’ नावाचे एक साधन होते. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केलेले. विंडोजमधील दोष ठाऊक असूनही तिने तो स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवला होता. ते चोरीला गेले, एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर जाहीर झाले, मेमध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने ते वापरून सुमारे १५० देशांत हाहाकार उडवला आणि जूनमध्ये ते आमच्या दारात आले. हत्यार एका देशाचे, हात दुसऱ्याचा आणि घाव तिसऱ्याला, असा तो प्रकार होता. इराणच्या नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे, बिघडवणारा स्टक्सनेट हा मालवेअर २०१० मध्ये उघडकीस आला, तो अमेरिका आणि इस्रायलचा असल्याचे सारे जग मानते, पण दोघांपैकी कोणीही ते अधिकृतपणे कबूल केलेले नाही. असे असताना निःपक्ष तपासाची यंत्रणा कोणत्या मोठ्या राष्ट्राला मनापासून हवी असेल? मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच अशा स्वतंत्र यंत्रणेची कल्पना मांडली होती. दोषयुक्त सॉफ्टवेअर विकणाऱ्यानेच ती मांडावी हा भाग सोडून दिला, तरी सरकारांनी तिला दाद दिली नाही हे खरे आहे.

आपणही या बाबतीत अगदी धुतल्या तांदळासारखे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून रोज अमेरिकी नागरिकांना त्यांच्या कर खात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात होते. तो सरकारी हल्ला नव्हता, पण ‘आपल्या भूमीचा वापर होऊ देऊ नये’ हा नियम तिकडच्या वृद्ध माणसाच्या दृष्टीने आपल्यालाच लागू होता. आज म्यानमार आणि कंबोडियात कुंपणांआड चालणाऱ्या फसवणुकीच्या अड्ड्यांतून आपल्या लोकांना ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन येतात, तेव्हा आपण त्या देशांकडून जी अपेक्षा करतो, तीच अपेक्षा आपल्याकडूनही केली जाणार, हे ध्यानात ठेवून बोललेले बरे.

नव्या यंत्रणेचा आराखडा साधा आहे : दरवर्षी सर्व देशांची सर्वसाधारण बैठक, विषयवार दोन गट, ठराविक वर्षांनी आढावा आणि निर्णय एकमतानेच. एकमताची अट म्हणजे कोणालाही गाडा अडवता येणार, म्हणून फार मोठ्या आशा बाळगण्यात अर्थ नाही. तरीही काही कामाच्या गोष्टी झाल्या आहेत. मे २०२४ पासून देशोदेशींच्या संपर्क अधिकाऱ्यांची एक सूची चालू झाली आहे. रात्री दोन वाजता बंदर बंद पडले तर समोरच्या देशात फोन कोणाला करायचा, हे आता निदान लिहिलेले आहे. बंदरात काम केलेल्या माणसाला अशा यादीची किंमत सांगावी लागत नाही. सर्व देशांना माहिती आणि प्रशिक्षण एका ठिकाणी मिळावे यासाठी जागतिक पोर्टलची सूचना भारताने मांडली होती, तीही मार्गी लागली आहे. ही भारताची चांगली कामगिरी म्हणायला हवी, पण ती सोपी बाजू होती. प्रशिक्षणाला कोणीच नाही म्हणत नाही.

अवघड बाजू अशी की आंतरराष्ट्रीय कायदा सायबर क्षेत्राला नेमका कसा लागू होतो, याबद्दल भारताने आपली सविस्तर भूमिका एका दस्तऐवजात जाहीर केलेली नाही. आफ्रिकी संघाने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ५५ सदस्यांची सामाईक भूमिका मांडली, युरोपीय संघाने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मांडली, आणि कितीतरी देशांनी स्वतंत्रपणे मांडली आहे. दुसऱ्या देशाने आमचे टर्मिनल दोन दिवस बंद पाडले, कोणी मेले नाही, काही फुटले नाही, तर तो आमच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे की नाही? शहराची वीज घालवली तर तो बळाचा वापर ठरतो का? हल्ला तिसऱ्याच देशातील भाड्याच्या सर्व्हरवरून झाला, तर त्या देशाचे कर्तव्य काय? या प्रश्नांवर मौन पाळण्यामागचा हेतू मला समजतो. हात मोकळे राहावेत, वेळ येईल तसे ठरवता यावे, असे कोणत्याही सरकारला वाटते. पण घटना घडल्यावर मांडलेली भूमिका सोयीची दिसते, आणि आधी मांडलेली भूमिका कायद्यात मोजली जाते. सागरी कायद्याच्या वाटाघाटींत भारत आपली बाजू आधीपासून मांडत आला, म्हणून तेथे आपल्या शब्दाला वजन आले.

दिल्लीला सांगण्यासारखे हे झाले. राज्य सरकारला मी एवढीच विनंती करीन की १२ ऑक्टोबर २०२० च्या घटनेबाबत सायबर विभागाचा अहवाल आणि वीज क्षेत्रातील तांत्रिक चौकशीचे निष्कर्ष, सुरक्षेला बाध येईल तेवढा भाग गाळून, विधिमंडळाच्या पटलावर एकत्र ठेवावेत. पाच वर्षांनंतर त्यात लपवण्यासारखे फार उरलेले नसावे. आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘चिनी हॅकरांचा हल्ला’ किंवा ‘पाकिस्तानी हॅकरांचा डाव’ असा मथळा देण्याआधी हे कोण म्हणतो, कोणत्या पुराव्यावर म्हणतो आणि तो पुरावा आणखी कोणी तपासला आहे का, या तीन गोष्टी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापाव्यात. तपासला नसेल, तर तसेही छापावे.

त्या तीन कंटेनरांपैकी दोन पुढच्या बोटीने गेले. तिसऱ्यातला कांदा घामेजला, आणि तो वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेला. बीडच्या ड्रायव्हरची चार दिवसांची खोटी आमच्या कार्यालयाने किरकोळ खर्चात दाखवून भागवली. व्हाउचरवर ‘कारण’ या रकान्यात काय लिहावे, असे कॅशिअरने मला विचारले, तेव्हा मी ‘पाऊस’ असे लिहायला सांगितले होते.

आपला,
एक निवृत्त क्लिअरिंग कर्मचारी,
उरण, जि. रायगड